मुळ्याचा देठ आणि रिकामी गाडी: जपानी अनुकरणशब्द कसे शिकावेत

तोक्योतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी बाजारातून एक दाइकोन आणला. हातभर लांब, पांढराशुभ्र मुळा. घरी कापला तर आत जाळी पडलेली, आणि तुकडा तोंडात टाकला तर भेंड चावल्यासारखं लागलं. दुसऱ्या दिवशी मी काम करायचे त्या बेकरीत हे सांगायला गेले, पण मला ‘खराब’ या एकाच शब्दाचा आधार होता. मालकीणबाईंनी विचारलं, “सुकासुका?” मला वाटलं सुका म्हणजे वाळलेला, म्हणून मी म्हटलं, “नाही नाही, वाळलेला नव्हता.” त्यांनी टाकून द्यायच्या पावांतला एक उचलला, मधोमध फाडला आणि आतलं मोठं भोक दाखवलं. जिथे गर असायला हवा तिथे हवा आहे, ते सुकासुका.

मग त्यांनी मला मुळा निवडायला शिकवलं. पानं खुडलेल्या जागी देठाचा काप बघायचा. देठ आतून पोकळ दिसला की मुळाही बहुधा सुकासुका निघतो. देठ भरीव आणि ओलसर असेल तर खुशाल घ्यावा. त्या दिवशी मला मुळाही कळला आणि शब्दही कळला, आणि दोन्ही एकदमच कळले. आवाज, पोत किंवा स्थिती यांची नक्कल करणाऱ्या अशा शब्दांना अनुकरणशब्द म्हणतात. पुढे मी ते सगळे याच रीतीने शिकले. आता दर रविवारी तोक्योच्या निशी-कासाई भागात नव्याने आलेल्या मराठी मंडळींना शिकवते, तेही याच रीतीने. तीच रीत इथे लिहिते.

आधी यादी बाजूला ठेवा. शोगाकुकान प्रकाशनाने 2007 साली काढलेल्या अनुकरणशब्दांच्या कोशात साडेचार हजार शब्द आहेत. नुसत्या खाण्याच्या पोताचे शब्द जपानी अन्नसंशोधकांनी मोजले तर ते 445 भरले, आणि त्यातले बहुतेक याच जातीचे होते. पाठांतराने हे होणार नाही. समजा शंभर शब्द पाठ केलेत, तरी ऐन वेळी ‘कुरकुरीत’ या एका मराठी अर्थाखाली सहा जपानी शब्द गर्दी करून उभे राहतात आणि तोंडातून भलताच बाहेर पडतो.

दुसरं, स्वतःच्या कानावर विश्वास ठेवा. आपल्याकडे खुसखुशीत, कुरकुरीत, लुसलुशीत, भुसभुशीत, तुळतुळीत, गुळगुळीत, बुळबुळीत असे शब्द आहेत, आणि कुठलीही आजी यातला एक दुसऱ्याच्या जागी वापरत नाही. करंजी खुसखुशीत, चकली कुरकुरीत. माती भुसभुशीत, टक्कल तुळतुळीत. हा भेद ज्याच्या जिभेवर आहे त्याचं निम्मं काम झालेलंच असतं. उच्चारातही आपल्याला एक देणगी आहे. ‘त्सुरुत्सुरु’ (गुळगुळीत) म्हणताना इतरांची जीभ अडखळते. आपल्याकडे तो ‘चूल’मधला च आहे. ‘जाराजारा’मधला ज हा ‘जाड’मधला. ‘मोचिमोचि’तला च मात्र ‘चिवडा’तला.

आता ताटापासून सुरुवात करा. एका संध्याकाळी या पाच वस्तू आणा: नोरी म्हणजे समुद्रशेवाळाची कागदासारखी पातळ पत्री, जाड सेन्बेई म्हणजे तांदळाची भाजलेली कडक चकती, ताकुआन हे मुळ्याचं लोणचं, एक क्रोसाँ आणि लेट्यूसचं पान. डोळे मिटून एकेक चावा आणि प्रत्येक वेळी शब्द मोठ्याने म्हणा.

नोरी पारिपारि. पातळ आणि कोरडी वस्तू एकदम तुटते तेव्हाचा हा शब्द. आपल्या पोह्याच्या भाजलेल्या पापडालाही तो शोभतो. दुकानातला त्रिकोणी ओनिगिरी, म्हणजे नोरीत गुंडाळलेला भाताचा गोळा बघा, भात आणि नोरी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. नोरी भाताच्या वाफेने ओली होऊ नये, चावताना पारिपारिच लागावी, यासाठी तो सगळा खटाटोप. सेन्बेई बारिबारि: तेच, पण जाड, दणकट, दाढेला जोर लावायला लावणारं. ताकुआन पोरिपोरि, म्हणजे बारीक आवाज करत, सावकाश चघळत खाणं. लेट्यूस शाकिशाकि, यात कोवळेपणा आणि पाणी दोन्ही आहे. ताज्या काकडीला, सेलरीला, नुकत्या चिरलेल्या कांद्यालाही चालतो. आणि क्रोसाँ साकुसाकु. हाच आपला खुसखुशीत. दात आत जातात ते न अडता, थर मोडत जातात.

सहावा शब्द कारिकारि. तळून वा भाजून कडक झालेलं, पण लहान आणि टणक. पावाची भाजलेली कड, कडक परतलेला बेकनचा तुकडा. साकुसाकुत हवा असते, कारिकारित ती जवळजवळ नसते. आमच्या बेकरीत मेलनपान या गोड पावाचा वरचा बिस्किटासारखा थर साकुसाकुच म्हणायचा. मी एकदा कारिकारि म्हटलं, तर गिऱ्हाईक बाईंनी तो जास्त भाजला गेलाय का, असं काळजीने विचारलं.

पाच वस्तू खाऊन झाल्या की पुढचा धडा हवेचा. माझ्या मते पोताचे शब्द आणि रिकामेपणाचे शब्द वेगवेगळे शिकवणं चूक आहे, कारण बरेचदा प्रश्न एकच असतो: आत हवा आहे, ती हवी होती का? पावात बारीक, सारखी पसरलेली हवा असली की पाव फुवाफुवा. गादीत, उन्हात वाळवलेल्या रजईत, नांगरलेल्या मातीत असली की फुकाफुका. हीच हवा चुकीच्या जागी शिरली की सुकासुका. मराठीत याला जवळचा शब्द ‘पोचट’ आहे. पोचट दाणा, पोचट शेंग, आणि पुढे जाऊन पोचट भाषण. जपानीतही सुकासुका मुळ्यावरून थेट भाषणावर जातो: आवरण मोठं, आत काही नाही. म्हणून सुकासुका ऐकलात की ‘सुका’ आठवू नका, ‘पोचट’ आठवा. कोरडेपणासाठी तिथे वेगळे शब्द आहेत. घसा कोरडा पडला तर काराकारा, आणि पाव, केस किंवा भात यांतला ओलावा गेला तर पासापासा.

भातावर जरा थांबते, कारण आपण मराठी माणसं इथे हमखास चुकतो. आपल्याला पुलावाचा, मसालेभाताचा दाणा मोकळा हवा. ‘भात कसा फडफडीत झालाय’ हे कौतुक आहे. जपानी घरात साधा भात मोचिमोचि हवा, चिकटून राहणारा, चावताना किंचित ताणणारा. तोच तव्यावर परतून चाहान केला की मात्र तो पारापारा व्हायला हवा, आणि तिथे पारापारा हे मोठं कौतुक. म्हणजे फडफडीतला पारापारा म्हणायचं, पण फक्त परतलेल्या भाताबाबत. साध्या भाताचा दाणा सुटा राहिला तर लोक त्याला पासापासा म्हणतात आणि ती तक्रार असते. 1993 साली उन्हाळा थंड गेला, जपानात भाताचं पीक बुडालं आणि थायलंडहून तांदूळ आणावा लागला. त्या लांब दाण्याच्या भाताविषयी आजही पन्नाशी-साठीतले लोक बोलतात तेव्हा पासापासा हाच शब्द येतो. तांदूळ वाईट नव्हता. तो परतण्याचा, रश्शात कालवण्याचा तांदूळ होता, आणि लोकांनी तो वाफवून मोचिमोचिची वाट पाहिली. म्हणून पोताचा शब्द लिहून ठेवताना कधीही एकटा लिहू नका. वस्तू लिहा, ती कशी शिजवली ते लिहा, आणि शब्द कौतुकाचा होता की तक्रारीचा, तेही लिहा.

रताळ्यांचंही असंच. हिवाळ्यात दुकानाच्या दारात भाजलेल्या रताळ्यांची पेटी असते आणि वर पाटी असते: होकुहोकु किंवा नेत्तोरि. होकुहोकु म्हणजे पिठूळ आणि गरमागरम, तोंडात फुटणारं. बेनी-आझुमा जातीचं रताळं असं लागतं. नेत्तोरि म्हणजे दाट, गोड, जवळजवळ लापशीसारखं; बेनी-हारुका हे त्यातलं. आपण ‘पिठूळ’ म्हणतो तेव्हा कधी कधी नाक मुरडतो, पेरूच्या बाबतीत तर नेहमीच. होकुहोकुत ते नाक मुरडणं नाही, त्यात ऊब आहे. उलट आपला ‘रवाळ’ तिकडे नेताना जपा. रवाळ तूप हे आपल्याकडे चांगल्या तुपाचं लक्षण. पण जाराजारा म्हटलं की जपानी माणसाला जिभेवर वाळू आल्यासारखं वाटतं. मी मैत्रिणीला घरचं तूप दिलं तेव्हा असा एक शब्द शोधण्याचा नाद सोडला आणि साध्या वाक्यात सांगितलं: बारीक दाणे आहेत, ते जिभेवर विरघळतात.

जाराजारावरून शब्दांच्या घडणीकडे येऊ. जपानीत क, स, त, ह यांच्या जागी ग, ज, द, ब आला की वस्तू जड, मोठी, खरखरीत किंवा मळकट होते. सारासारा हे सुळसुळीत केस, कोरडी बारीक वाळू, संथ ओढा. जाराजारा ही सँडपेपरची भिंत. तोरोतोरो हे वितळलेलं चीज. दोरोदोरो हा चिखल. गोटी घरंगळते कोरोकोरो, धोंडा गोरोगोरो. आपल्या कानाला हे परकं नाही: जांभूळ टपकन पडतं, फणस धपकन पडतो. पण एक सावधगिरी. मराठीत झ, ज हे नेहमी जड नसतात. झुळझुळ वारा, झिरझिरीत पडदा किती हलके! तो कान तसाच वापरलात तर जाराजारा तुम्हाला रेशमी वाटेल. जोड्या करून, दोन्ही वस्तूंवर हात फिरवूनच हे शिका. मी वर्गात एका बाजूला रेशमी रुमाल आणि दुसऱ्या बाजूला काड्यापेटीची घासायची बाजू ठेवते.

शेपट्यांचं थोडक्यात. दुहेरी शब्द म्हणजे चालू राहणारी गोष्ट किंवा स्थिती: कारिकारि. ‘त्तो’ लागला तर एकच क्षण, आपल्या ‘कन’सारखा: कारित्तो म्हणजे पहिला चावा. ‘रि’ लागला की हळुवार, सावकाश: फुवारि. शेवटी ‘न’ आला की घुमणारं, मागे काही ठेवून जाणारं. हा ‘न’ लक्षात ठेवा, रिकामेपणाच्या शब्दांत तो पुन्हा भेटेल. दुहेरी शब्दाला पुढे नामाशी जोडताना ‘नो’ लावा, फुवाफुवा नो पान (‘पान’ म्हणजे पाव). एकेरीला ‘तो शिता’, गारान तो शिता हेया (‘हेया’ म्हणजे खोली; गारानचा अर्थ पुढे येतो). ‘त्सुकु’ लागलेला शब्द ऐकलात तर बहुधा तक्रार समजा: तळहात बेतात्सुकु म्हणजे चिकचिक होतेय.

आता रिकामेपण. याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण इथली चूक माणसाला लागते. माझ्याकडून ती झाली आहे. ओळखीच्या एका बाईंनी नवं छोटं चहाचं दुकान काढलं होतं. मी सकाळी गेले. लाकडी टेबलं, भिंतीवर एकच चित्र, कुठेही पसारा नाही. मला म्हणायचं होतं, किती मोकळं आणि छान. मी म्हणाले गारागारा. त्या हसल्या, पण चेहरा उतरला. गारागारा म्हणजे गिऱ्हाईक नाही, खुर्च्या ओस पडल्यात. मला हवा होता सुक्किरि: अडगळ काढून टाकल्यावरचा मोकळेपणा. घरी येताना ते दोन शब्द मी रस्ताभर घोळवले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बरोबर शब्द सांगून आले.

तेव्हापासून माझा नियम असा: रिकामी जागा पाहिली की आधी विचारायचं, इथे काय असायला हवं होतं? प्रत्येक शब्दाला वेगळ्या गोष्टीची उणीव जाणवते.

माणसं असायला हवी होती आणि नाहीत, तर गारागारा. गाडी, सिनेमागृह, उपाहारगृह. आमच्या तोक्यो मेट्रोच्या तोझाई मार्गाचं उदाहरण घ्या. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी 2018 साली क्षमतेच्या 199 टक्के मोजली गेली होती. त्याच वेळी उलट्या दिशेने जाणाऱ्या गाडीत मला बसायला जागा मिळते. मार्ग एकच, आणि त्यावरच्या दोन गाड्यांत गारागाराचा अर्थ उभा राहतो.

सामान असायला हवं होतं, जागा मोठी आहे आणि आवाज घुमतो, तर गारान. घर सोडताना शेवटचा खोका बाहेर गेला की मागे वळून जी खोली दिसते ती गारान. जपानात 2023 च्या सरकारी पाहणीत सुमारे 90 लाख घरं रिकामी आढळली. अशा घराचं दार उघडल्यावर लोक गारान म्हणतात. याच्याच नात्यातला ‘गारान्दो’ म्हणजे आतून पूर्ण पोकळ, आणि तो ज्या चित्राक्षरांत लिहितात त्यातलं ‘गारान’ म्हणजे बौद्ध मठाचा परिसर, मुळात आपला संस्कृत ‘संघाराम’. संघाराम चीनमध्ये लिप्यंतरित झाला, लांबलचक उच्चार आखूड झाला आणि जपानला गारान होऊन पोचला. मागच्या सुट्टीत मी भाज्याच्या लेण्यांत गेले होते. विहारातल्या एका खोलीत दगडी ओटा आहे, भिक्षूंनी झोपायला कोरलेला. पर्यटकांचा घोळका पुढे गेला आणि मी त्या खोलीत एकटी उरले. तोंडातून गारान निघालं आणि भिंतींनी ते थोडं लांबवून परत दिलं. शेवटचा ‘न’ कशासाठी आहे ते मला तिथे कळलं.

आवाज असायला हवा होता, तर शीन. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला आणि कुणीच बोलत नाही, आपला ‘चिडीचूप’. शांततेलाच दिलेला हा आवाज जपानी चित्रकथांत पानभर लिहिलेला दिसतो. माणसं आहेत, पण त्यांचा वावर जाणवत नाही, तर हिस्सोरि; दुपारची गल्ली, आपल्या ‘सामसूम’च्या जवळ. शुकशुकाट मात्र कधी गारागारा, कधी हिस्सोरि. तिथे पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागतो. पोटात अन्न असायला हवं होतं, तर पेकोपेको. खिशात पैसे असायला हवे होते, तर सुक्काराकान. आपल्याकडे घरात ठणठणाट असतो, अगदी तोच.

पोत्सुन वेगळा आहे. तो रिकामेपण सांगत नाही, त्यात उरलेली एकच गोष्ट सांगतो. माळावरचं एक झाड, बाकावर बसलेलं एकटं पोर. आजूबाजूची मोकळी जागा आपोआप दिसते.

आणि पोक्कारि. भरलेल्या गोष्टीत पडलेलं एक भोक. रस्त्यात अचानक पडलेला खड्डा. मनासाठीही हाच वापरतात: मनात पोक्कारि भोक पडलं. आमच्या बेकरीत कणीक तिंबणाऱ्या एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांचे यजमान गेले. पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या तेव्हा मी विचारलं, घर मोठं वाटत असेल ना? माझ्या मनात गारान होतं. त्या म्हणाल्या, घर तसंच आहे. त्यांची चप्पल, त्यांचा कप, सगळं जागच्या जागी आहे. पोक्कारि. इतकंच बोलल्या आणि कणकेकडे वळल्या. गारानमध्ये सगळंच गेलेलं असतं. पोक्कारित सगळं जागच्या जागी असतं, आणि त्यातलं एकच नसतं. कुणाच्या दुःखाशी बोलताना हा फरक सांभाळा.

सुराकडेही लक्ष द्या, कारण लिहिताना तो दिसत नाही. गारागारा म्हणताना पहिल्या ‘गा’वर सूर उंच ठेवून पुढे खाली आणला तर तो गुळण्यांचा किंवा सरकत्या दाराचा खडखडाट. पहिलं अक्षर खाली ठेवून पुढची सपाट वर ठेवली तर ती रिकामी गाडी. फुवाफुवाचंही तसंच: ढग तरंगतोय कसा, हे सांगताना पहिलं अक्षर उंच, पाव कसा आहे, हे सांगताना सपाट. माझी मुलगी शाळेतून हे शिकून आली आणि तिने मला सुधारलं. रोज झोपताना आम्ही एक शब्द दोन सुरांत म्हणायचो.

शेवटी वही. दोन रकाने करा आणि शब्दकोशातला अर्थ कुठेही लिहू नका. डावीकडे पाहिलेली, चाखलेली, हाताळलेली वस्तू, जागा आणि वेळ. उजवीकडे शब्द, आणि त्याच्याशेजारी मराठी शब्द जुळला तर तो, नाही तर रिकामी जागा. दिवसाला एक नोंद पुरते. आठवड्याने त्यातली एक नोंद एखाद्या जपानी माणसाला वाचून दाखवा. चूक असेल तर ते थांबतात, आणि बरोबर असेल तर स्वतःचा आणखी एक शब्द देतात. माझ्या वहीतली या सोमवारची नोंद: पहाटेची पहिली गाडी, शेवटचा डबा, गारागारा. समोरच्या आसनाच्या दांडीला कुणाची तरी विसरलेली पारदर्शक छत्री, पोत्सुन. मराठी रकाना: चिटपाखरू नाही.